डेलियाची साखर आणि शिवरात्रीचा कीस

सुभानपुरा, बडोदे

राजमान्य राजश्री उन्मेषराव यांस जनार्दनाचा सप्रेम नमस्कार.

(धाकट्या मेहुण्याला आज एवढा मान कशाला, असं मनात येईल. वाचत राहा.) कंबर कशी आहे? तुमच्या बागेतल्या डेलियाचा बहर ओसरला असेल, नाही? सहज विचारलं.

इकडे मी कारखानदार होता होता राहिलोय. रसायनशास्त्राच्या निवृत्त मास्तरानं गप्प पेपर वाचावा. पण मी डेलियाच्या कंदांपासून फळसाखर काढायला बसलो. कंद किसून उकळायचे, पाणी गाळायचं, त्यात आंबट घालून पुन्हा तापवायचं, की मधासारखा पाक होतो. (दाणे पडतील म्हणून मी आठवडाभर पातेल्यात डोकावत होतो. पडत नाहीत.) दांडिया बाजारातल्या मिठाईवाल्या हार्दिकभाईंनी बोट बुडवून चाटलं आणि "मास्तर, जोरदार छे!" म्हणत पाडव्याच्या श्रीखंडासाठी डबाभर पाक मागितला. उभ्या नोकरीत मला कुणी जोरदार म्हटलं नव्हतं हो! मी तिथल्या तिथे शब्द दिला, नर्सरीतले होते नव्हते तेवढे कंद उचलले आणि पोतं स्वयंपाकघरात ठेवलं. तिथेच माशी शिंकली.

महाशिवरात्र आली. आमच्या कुसुमआत्यांना (वय ऐंशी, चष्मा देवघरात) पोत्यात रताळी दिसली. त्यांनी दाण्याचं कूट घालून मोठं पातेलंभर कीस केला आणि अख्ख्या भजनी मंडळाला वाढला. आता या कंदातला गोडवा आंबट घालून फोडल्याशिवाय, नुसता शिजवून, पोटाला पचत नाही, नुसता वारा धरतो, हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. मंडळाला देवळात कळलं. भजन रंगात आलं आणि चहूकडून साथ सुरू झाली! पेटीवर बसलेल्या अहल्याबाईंनी प्रसंग ओळखून पेटीचा भाता फाटल्याचं जाहीर केलं, सगळ्याजणींनी माना डोलावल्या, आणि ती निरपराध पेटी दुरुस्तीला गेली. मी हसून हसून खांबाला टेकलो. आत्या अजून म्हणतात, रताळी जरा वातूळ निघाली, पण गोड हो!

तर कंद संपले, नर्सरीवाला पुढच्या हंगामाशिवाय देत नाही, आणि हार्दिकभाईंनी दुकानावर 'मास्तरांचं श्रीखंड' अशी पाटीसुद्धा लावली. त्या रस्त्यानं जायची सोय राहिली नाही. बाकी सर्व आनंद.

तुमचाच,
जनार्दन

ता. क. मुद्द्याचं राहिलंच. तुमचे डेलियाचे कंद द्याल का? श्रीखंडाचा पहिला डबा तुमचा. नाही म्हणालात तरी राग नाही.

ता. ता. क. राग नाही, कारण उपयोगही नाही. हे पत्र हातात देऊन तुमची निरुपमाताई चहा टाकायला आत गेली, असं तुम्हाला वाटत असेल. ती मागच्या अंगणात आहे. कुदळ इथूनच नेली आहे.