राखणदाराची सिगार

धारगळ, रविवार, १२ जानेवारी, सकाळी चहा घेताना

ती. आईस, गौरेशचा नमस्कार.

मी बरा आहे, नोकरीही आहे. पण राग उतरत नाही.

तू बोललेल्या नवसाप्रमाणे काल बारमागच्या घुमटीतल्या राखणदारापुढे फेणी आणि सिगार ठेवली. एका पर्यटकाने सिगार उचलून पेटवली! मी म्हटलं, "ती देवाची आहे." तो म्हणतो, "देवाला खोकला होईल." शेठही हसले. वर मलाच म्हणाले, "गिऱ्हाइकाची माफी माग, नाहीतर घरी जा." मी मागितली नाही.

संध्याकाळी शेठ नवी सिगार घेऊन आले. "गाऱ्हाणं तूच घाल रे. माझां आज तो ऐकूचो नाय."

घातलं. तुझं नाव घेतलं, बाबांचं घेतलं. शेठचं घेतलं नाही.

बाबांचा दमा कसा आहे?

तुझा,
गौरेश