दाढेच्या नोंदीत दुरुस्ती

१० नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ६.४०

आधी दुरुस्ती. शनिवारच्या, म्हणजे ८ तारखेच्या नोंदीत 'यवतमाळला जाऊन अक्कलदाढ काढली' असं लिहिलं आहे. ते चूक आहे. 'काढली' या शब्दावर एक रेघ मारली, वर 'काढायला गेले' असं लिहिलं, बाजूला सही केली.

बाबा तहसील कचेरीत कारकून होते. सारख्या बदल्या, म्हणून तिसरीपर्यंत मी घरीच त्यांच्यापाशी शिकले. बाराखडीच्या आधी त्यांनी हे शिकवलं: चूक झाली तर खाडाखोड करायची नाही. एक रेघ, वर खरं, बाजूला सही. चूक दिसली पाहिजे, लपली नाही पाहिजे. मी आजवर तसंच करत आले. त्यामुळे मी खोटी नाही.

खरं असं. दाताच्या डॉक्टर उज्ज्वला मॅडमनी इंजेक्शन दिलं, कापूस ठेवला, म्हणाल्या दहा मिनिटं बाहेर बसा, बधिर होऊ द्या. आत दुसऱ्या कोणाची मशीन सुरू झाली. मी मोकळ्या हवेसाठी गेटपर्यंत जायचं ठरवलं. बसस्टँड गेटच्या पुढे आहे. आमच्या कळंबची गाडी उभी होती.

घरी पोचले तेव्हा ओठ लोंबत होता, गालात कापूस होता. आईनं विचारलं, काढली काय वं? तोंड उघडत नव्हतं. मी मान हलवली. मान हलवणं म्हणजे बोलणं नव्हे.

पण आई, बाबा, भाऊ कपिल आणि कांतामावशी यांचा गैरसमज झालेला आहे. आज जेवताना दूर करणार.

१० नोव्हेंबर, रात्री ८.३०

जमलं नाही. आईनं माझ्यासाठी वेगळी मुगाची खिचडी केली होती, मीठ कमी, फोडणी नाही. तिनं एवढं केल्यावर सांगणं बरं दिसत नाही. उद्या.

११ नोव्हेंबर, मंगळवार

आणखी एक दुरुस्ती. शनिवारी मी पायात स्वतःची सँडल घालून आले असं गृहीत धरलं होतं. ती माझी नाही. माझी तपकिरी, बकलची. ही निळ्या पट्ट्याची, एक नंबर मोठी. क्लिनिकच्या दारातून कोणा बाईची घालून आले. ती बाई माझ्या सँडलीत पाय कोंबून गेली की अनवाणी गेली, हे समजायला मार्ग नाही. त्यावरून झोप नीट नाही.

दाढ ठणकते. चौघांनाही वाटतं खड्डा भरून येत आहे.

१३ नोव्हेंबर, गुरुवार. दुपारी १

माझी तपकिरी सँडल दारातल्या स्टँडवर आहे. निळी नाही. क्लिनिकवाल्यांनीच कोणाच्या हाती पाठवलेली दिसते. चांगली माणसं आहेत. काल बाबा पेन्शनच्या कामाला यवतमाळला गेले होते, त्यांना क्लिनिकचं कोणी भेटलं का विचारणार होते. विचारलं नाही. विषय आपोआप मिटला असेल तर उकरू नये.

दहा दिवसांवर कपिलचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा आहे, रविवारी २३ ला, इथेच समाजभवनात. मुलगी दिपाली, मारेगावची. त्रिसरण-पंचशील मी घ्यायचं हे बाबांनी महिनाभर आधी ठरवलं आहे. मी म्हणणार, दीडशे माणसं माझ्यामागून म्हणणार. चौथं शील खोटं न बोलण्याचं आहे.

तोपर्यंत दाढ निघालेली हवी आणि घरी सांगितलेलं हवं. दहा दिवस म्हणजे भरपूर वेळ.

१५ नोव्हेंबर, शनिवार. संध्याकाळी ६

गाल सुजला. कांतामावशी मोबाईलचा टॉर्च लावून समोर बसली. दाखव म्हणे वं पोरी, केवढा खड्डा पडला ते. मी खूण केली, डॉक्टरांनी तोंड उघडू नको म्हटलं आहे. मावशी म्हणाली, मंग दुपारी तोंड मिटून बिस्कीट कसं खाल्लं तुनं?

कपिल चिडला. दाढ काढली त सूज काहून वाढून राह्यली? कसली डॉक्टरीण आहे ती? आत्ताच नेटवर टाकतो, एक स्टार देतो. त्यानं फोन काढला. ज्या बाईनं माझी दाढ काढलीच नाही, तिनं ती वाईट काढली असं साऱ्या जगाला कळणार होतं.

बाबा पेपर वाचत होते. पेपर खाली न करता म्हणाले, थांब कपिल. जिची दाढ आहे ती पाहील.

बाबांचा माझ्यावर फार विश्वास आहे.

१७ नोव्हेंबर, सोमवार

घास गिळता येत नाही. गरम पाण्याचा घोटसुद्धा कानापर्यंत जातो. नवा विचार: आधी दाढ खरोखर काढायची. म्हणजे घरच्यांना जे वाटतं ते खरं होईल, फक्त तारीख मागेपुढे. मग सांगण्यासारखं काही उरणारच नाही. हे आधी का सुचलं नाही?

परवा जाते. घरी सांगितलं, साक्षगंधाचा ब्लाउज आणायचा आहे. (ब्लाउज खरोखर आणायचा आहे. तपासून घेतलं.)

१९ नोव्हेंबर, बुधवार. संध्याकाळी ५

काढली. दुरुस्ती लागणार नाही, दाढ कागदात गुंडाळून पर्समध्ये आहे.

मॅडम ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, या वेळेस बाहेर बसवत नाही तुम्हाला. पाऊण तास लागला. तीन तुकडे, दोन टाके. आवाज दुखण्यापेक्षा वाईट. मी खुर्चीचा हात इतका घट्ट धरला की सिस्टरनं नंतर एकेक बोट सोडवलं.

सूचना: कापूस तासभर दाबून धरणे. थुंकणे नाही, चूळ उद्यापासून. कडक, तिखट, गरम चार दिवस बंद. जास्त बोलणे नाही. टाके २६ ला. डाव्या बाजूची दाढही तशीच आडवी आहे, तीही काढावी लागेल. हे शेवटचं मी नीट ऐकलं नाही.

बसमध्ये कापूस दाबून बसले. पुढे कापसाच्या गाड्यांची रांग, त्यामुळे एक तास जास्त. घराच्या वळणावर कापूस काढून फेकला, कारण घरच्यांच्या हिशेबानं दाढ काढून अकरा दिवस झाले आहेत. आई म्हणाली, ब्लाउज कुठाय? ब्लाउज राहिला.

२० नोव्हेंबर, गुरुवार. दुपारी २

आता नेमका प्रश्न असा आहे: दाढ नव्हती काढली तेव्हा मला खिचडी होती. काढल्यावर रोडगे आहेत.

कांतामावशीनं माझं पथ्य सुटलं म्हणून मुद्दाम अंगणात गोवऱ्या पेटवून कणकेचे गोळे भाजले. वरून दगड, आतून थोडे कमी दगड. सोबत वांग्याची भाजी, लाल. खाय वं माय, बारा दिवस खिचडीवर काढले तुनं, साक्षगंधात पाहुणे म्हणतीन पोरीले उपाशी ठेवते. ताटात तीन ठेवले आणि समोर बसली.

एक वरणात बुडवून चोखला. तोंडात रक्ताची चव आली. डोळ्यात पाणी आलं तर मावशी खूश, म्हणाली भाजी झणझणीत झाली न? तेवढ्यात बाबांनी काही न बोलता माझ्या ताटातले दोन रोडगे उचलून आपल्या ताटात घेतले. वरणाची वाटी माझ्याकडे सरकवली.

बाबांना हल्ली भूक जास्त लागते. शुगर तपासायला हवी.

२२ नोव्हेंबर, शनिवार

आई: सराव कर. केला नाही. ठरलं: उद्या सकाळी चहाच्या वेळी सगळं सांगायचं, मग स्वच्छ मनानं उभं राहायचं. वेळ ७.१५.

२३ नोव्हेंबर, रविवार. सकाळी ७.४०

मारेगावची गाडी पावणेसातलाच आली. पाहुण्यांसमोर कसं सांगणार.

२३ नोव्हेंबर, संध्याकाळी ७

जसं झालं तसं लिहिते.

त्रिसरण नीट झालं. पहिली तीन शीलं नीट झाली, दीडशे माणसं मागून म्हणाली. चौथ्याला तोंड उघडलं आणि शब्द आला नाही. टाक्याजवळ गरम काहीतरी सुटलं. गिळावं तर मळमळ, थुंकावं तर समोर बाबासाहेबांचा फोटो. सगळे हात जोडून वाट पाहत होते. एक लहान मूल रडायचं थांबलं, इतकी शांतता.

मग पुढच्या रांगेतून बाबांनी बसल्याजागी चौथं शील म्हटलं. लोकांनी मागून म्हटलं. पाचवंही त्यांनीच म्हटलं. मी रुमाल तोंडाला लावून उभी राहिले.

नंतर दिपालीच्या आईनं पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. म्हणाली, भावाचं जमलं म्हणून भरून आलं न तुले, बाई.

मी मान हलवली.

२४ नोव्हेंबर, सोमवार. संध्याकाळी ५

सांगितलं. बाबा पायरीवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होते. मी सुरुवात केली, शनिवारी ८ तारखेला. ते म्हणाले, माहीत आहे. १२ तारखेला ती निळी सँडल क्लिनिकमध्ये मीच नेऊन दिली, तिथंच कळलं. ती बाई आर्णीपर्यंत क्लिनिकच्या रबरी स्लिपरवर गेली होती, बेटा.

मी विचारलं, मग बोलले का नाही. ते म्हणाले, ज्याची नोंद त्यानंच दुरुस्त करायची. दुसऱ्यानं केली तर ती खाडाखोड.

मी वही आणून दाखवली. पान उघडलं: एक रेघ, वर खरं, बाजूला सही, तारीख १०. त्यांनी चष्मा लावून वाचलं. म्हणाले, दुरुस्ती बरोबर आहे. आमच्यापर्यंत पोचली नव्हती एवढंच.

मग सोललेल्या तुरीची वाटी माझ्याकडे दिली. मऊ शिजवायला सांग, म्हणाले.

आईला, कपिलला आणि मावशीला दुपारी सांगितलं. मावशी म्हणाली, मंग ते रोडगे?

डावी दाढ: बुधवार, १० डिसेंबर, सकाळी ११. मी जाणार. फोन करून नाव लिहिलं आहे. बाबा सोबत येणार आहेत. मी आत असेपर्यंत माझी सँडल ते हातात धरून बसणार आहेत.