सुरेखाच्या अठरा फेऱ्या

छत्रपती संभाजीनगर,
१४ जुलै २०२५

ती. भानुमावशीस चारुताचा सा. न. वि. वि.

सुरेखाताई गेली, तिचे दिवस उरकून तू वेरूळला परतलीस, त्याला तीन महिने झाले. तुला फोनवर ऐकू येत नाही हे ठाऊक असूनही मी पत्र टाकलं नाही. कामं होती असं लिहिलं तर ते खोटं ठरेल. क्षमा कर.

ताईनं नातवंडासाठी विणायला घेतलेलं दुपटं अठराव्या फेरीवर थांबलंय. तिच्या स्वरालीला आता सातवा महिना लागला. बाळाला पहिल्यांदा आईच्याच दुपट्यात घ्यायचं, असं तिनं ठरवलंय. ते पुरं करता यावं म्हणून मी औरंगपुऱ्यात क्रोशाच्या क्लासला जाते. मावशी, मला सगळा क्रोशा एकच वाटायचा. चौकोनी घरं भरत, रिकामी सोडत चित्र काढतात, तो फिले. आयरिशमध्ये फुलं-पानं सुटी विणून मग जाळीनं जोडायची. ट्युनिशियनची सुई हातभर लांब; अख्ख्या ओळीचे टाके तिच्यावर चढवायचे आणि परतताना उतरवायचे. जपानी पद्धतीच्या बाहुल्या गोल गोल विणून आत कापूस भरतात. ताईचं दुपटं मधून सुरू होऊन गोल वाढणारं, अननसाच्या नक्षीचं.

तेही शिकले. पण ताई डावखुरी. तिच्या फेऱ्या घड्याळाच्या काट्यांसारख्या फिरतात, माझ्या उलट. पुढं विणायचं तर दुपटं पालथं धरावं लागतं आणि माझी फेरी मागच्या बाजूची दिसते. ती म्हणायची, समोर बस, आरशात बघितल्यासारखं शिकशील. मी एकदाही बसले नाही. रिकामपणाचे उद्योग म्हणून हसले. आता शिकते ती मायेपोटी की अपराध धुवायला, मलाच कळत नाही. दुसऱ्या कुणाकडून पुरं करून घेऊ का? तू सांगशील तसं करीन.

तुझ्या मायेची,
चारुता


वेरूळ,
२१ जुलै २०२५

चि. चारुतास अनेक आशीर्वाद.

बाहुल्यांत कापूस भरायला जपान्यांकडून शिकावं लागतं व्हय? आम्ही उशीत भरत होतो, ते कुणी शिकवलं नव्हतं.

दुसऱ्याकडं कशाला जातेस? तूही डावखुरीच होतीस. सुरेखाचा डावा हात तुझ्या आईनं फडक्यानं बांधला, तर ती कार्टी दातांनी गाठ सोडायची. तिच्यापुढं आईनं हात टेकले आणि तुझ्या वेळी गाठ पाठीमागं मारली. तुला मांडीवर धरून मी बसायची. चार वर्षांची होतीस. रडायची नाहीस, नुसती माझ्याकडं बघायचीस. डाव्या हातानं प्रसाद घेतलेला लोकांना चालत नाही, तेव्हा एवढंच कळत होतं. आजवर तुला सांगायचा धीर झाला नाही.

आता त्या हातात सुई देऊन बघ. जमलं नाही तर दोष त्या हाताचा नाही.

या म्हातारीवर रुसू नकोस. पत्र टाक.

तुझी,
भानुमावशी


छत्रपती संभाजीनगर,
१९ ऑगस्ट २०२५

ती. मावशीस सा. न. वि. वि.

तुझा राग आला का, हे आठवडाभर स्वतःला विचारत होते. थोडा आला. तुझ्याशी खोटं कशाला बोलू?

डाव्या हातात सुई धरली. आधी साखळीसुद्धा लहान पोरीच्या हातची यायची, एक टाका सैल, एक घट्ट. मग तीन फेऱ्या झाल्या, ताईच्या दिशेनं. फरक कुणाला कळू नये असं मला वाटत होतं, हेही कबूल करते.

स्वरालीनं दुपटं मांडीवर पसरलं, बोटं फिरवली आणि बरोबर अठराव्या फेरीवर थांबली. आई इथपर्यंतच आहे, म्हणाली. माझं विणणं वाईट नाही, पण ते उसवावं. बाळाचे पाय उघडे राहिले तरी चालतील, मी माझं वेगळं विणावं, असं तिचं म्हणणं. मी तिच्यासमोरच उसवलं. तीन आठवड्यांचं काम पाच मिनिटांत गुंड्यावर परत गेलं.

आता ताईचा शेवटचा फास मोकळा आहे. क्रोशात तेवढा एकच मोकळा असतो. तो बांधला नाही तर सगळं दुपटं उसवत जाईल, आणि बांधला की तिचं काम संपलं. आज मला धीर झाला नाही. फासात पिन अडकवून ठेवलीय.

आहे तशी माया राहू दे.

तुझी,
चारुता

ता. क. रोजनिशीत उद्याच्या पानावर एवढंच लिहिलंय: ताईचा शेवटचा फास बांधून दोरा कापणे.