हजारात चाळीस भाग पान

२ जून. सकाळी ९.
नवी वही. निश्चय: एक, रोज लिहायचं. दोन, लसूण बंद. नाक हेच आपलं भांडवल. तीन, चिडायचं नाही.
पॅरिसच्या मेणबत्तीवाल्यांना ‘पहाटेची भाजीची बाग’ असा वास हवाय. आमच्या मालकीणबाई रेबो मॅडम म्हणाल्या, हे काम हातचं गेलं तर मस्यू इज्नार, तुम्ही म्युझियममध्ये टुरिस्टांना तांब्याचे जुने हंडे दाखवा. मला! एकतीस वर्षं अत्तरांच्या या ग्रास गावात अत्तरं रचतोय मी. टोमॅटोच्या पानाचा अर्क घालणार. विषय संपला.

४ जून.
फॉर्म्युला मी लिहायचा, वजन करून मिसळायचं माझ्या मदतनीस ओदीलने. रचणारा तराजूला हात लावत नाही, ही आमच्याकडची जुनी रीत. हजारात दोन भाग अर्क लिहिला. मिश्रणात बुडवलेली कागदाची पट्टी हुंगली. पान कुठेच नाही. सप्लायरने पाणी घातलंय, दुसरं काय!

६ जून.
शुक्रवार म्हणून मेव्हण्याकडे आयोलीचं जेवण. लसूणच लसूण. नाही कसं म्हणणार?

९ जून.
आठ भाग लिहिले. ओदील म्हणाली, “मस्यू, आठ? नक्की?” म्हटलं, लिहिलंय तेवढं घाला. “बरं,” म्हणाली, अगदी माझ्या सासूच्या सुरात. चिडलो. तीस तारखेला ही रिटायर होतेय, जागी वजनाचं मशीन येतंय. सुटलो एकदाचा. मशीन उलट विचारत नाही.

१३ जून. संध्याकाळ.
वीस भाग. तरी पुसटच. हल्ली सगळाच माल पडेल. चार वर्षांपूर्वी तो ताप येऊन गेला, तेव्हापासून कॉफीसुद्धा धड मिळत नाही गावात.
बायको, सोलांज, गच्चीत टोमॅटोचे बगलफुटवे खुडत होती. हिरवे झालेले हात माझ्या नाकाशी धरून म्हणाली, “घे, हा खरा वास!” कसला वास! रोपंच बोगस निघाली. तसं सांगितलं, तर बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. केस काळे केलेले आवडले असावेत.

१७ जून.
नमुना नंबर सात. चाळीस भाग! डोळे मिटून हुंगलं आणि आलं, पान आलं! निदान आल्यासारखं वाटलं. दमलोय. पॅरिसला पाठवून दिलं.

२५ जून.
पास! पत्रात लिहिलंय, “पान जेमतेम जाणवतं, हेच कौशल्य.” चाळीस भाग आणि जेमतेम? सर्दी झाली असेल बिचाऱ्यांना. असो. खुर्ची शाबूत.

२७ जून.
मोठ्या मनाने ओदीलला म्हटलं, यात थोडा तुमचाही वाटा आहे. तिने तिची वही पुढे ठेवली. नंबर सात. माझ्या चाळीसच्या शेजारी पेन्सिलने: अर्धा भाग.
मी ओरडलो, कोणी अधिकार दिला तुम्हाला? ती म्हणाली, “चाळीस घातले असते तर पॅरिसवाल्यांचे डोळे चुरचुरले असते, मस्यू.”
कधीपासून चाललंय हे?
“तुमच्या त्या तापानंतर. वाटलं, वास येईल परत हळूहळू. मग तुम्हाला सांगायचा धीर होईना.”
पानं उलटली. चार वर्षं. पानापानावर पेन्सिल. ज्या गुलाबासाठी मला मेडल मिळालं, तोसुद्धा.
“मशीन लिहिलंय तेवढंच घालेल,” ती म्हणाली. “म्हणून सांगतेय.” बाई रडायला लागली. तिला रुमाल दिला. मला स्वतःचीच लाज वाटली, फार लाज वाटली.

३० जून.
निश्चय: मॅडमना आजच सांगायचं. ओदीलच्या निरोपाला केक होता, भाषणं होती. मॅडम म्हणाल्या, मस्यू इज्नार म्हणजे आपल्या अत्तरघराचं नाक. टाळ्या. ओदील खाली बघत होती. जाताना तिने वही माझ्या हातात ठेवली. मॅडमना उद्या सांगेन. नाहीतर पुढच्या सोमवारी.
घरी येऊन फुटवे खुडले. सोलांज म्हणाली, “अरे गास्पार, हात धू आधी, घरभर वास सुटलाय!” तिला विचारलं, कसा आहे गं? ती चकित झाली, मग शेजारी बसली आणि सांगू लागली: हिरवा, कडवट, थोडा मांजराच्या मुतासारखा, पण मागे काहीतरी गोड. मी लिहून घेतलं.
लसूण खायला आता हरकत नाही.