शरयूच्या फाइलचं नाव

सोम. १२ जाने.
कन्हेरी. दुपारी गच्चीवर लॅपटॉप घेऊन बसले. समोर उसाला तुरे. वारा आला की सगळं शेत पांढरं हलतं आणि मी काय करत होते तेच विसरते.
मैत्रिणीचा, शरयूचा, इंदापूरहून फोन. बाळ झाल्यावरची पहिलीच नोकरी तिची, भिगवणच्या मासळीवाल्यांची वेबसाइट करतेय. तिच्या साहेबांच्या ब्राउझरात पिवळा इशारा येतो, म्हणे चूक शरयूच्या फाइलमध्ये. तिच्या ब्राउझरात तोच इशारा आमच्या लायब्ररीचं नाव घेतो. साहेब म्हणाले, शुक्रवारपर्यंत बघू, नाहीतर दुसरं माणूस.
लायब्ररी म्हणजे कुणीही आपल्या साइटला जोडावा असा तयार कोड, तो आम्ही तिघं सांभाळतो. त्यातला इशाऱ्यांचा भाग माझ्याकडे.

मंगळ.
सापडलं! कोड कुठून कुठं गेला त्याची यादी ब्राउझर देतो. तिच्याकडे यादीवर मथळा असतो, साहेबांकडे नसतो. आमचा कोड डोळे झाकून वरची ओळ कापतो आणि उरलेल्यातलं पहिलं नाव इशाऱ्यात घालतो. साहेबांकडे मग आमचंच नाव उडतं आणि खालचं शरयूचं वर येतं. काय पण न्याय!
आबांना सांगितलं. "मंजी केलं तुमी आन् नाव तिचं?"
व्हय, आबा. ते उसाला पाणी धरायला गेले.

गुरु.
दुरुस्ती झाली. मथळा आहे का बघायचं, मगच कापायचं. वहिनीच्या फोनवर तिसऱ्या ब्राउझरातही बघितलं. लायब्ररीच्या बाकी दोघांनी तपासून पास केलं. मग नुसती तुऱ्यांकडे बघत बसले. किती हलकं वाटलं...

शुक्र.
भिगवण. शरयू मासळीचे फोटो काढायला आलेली. पाण्याकाठी बसलो. लांब रोहित पक्षी, पाण्यात उलटे गुलाबी.
तिनं बुधवारीच साहेबांना सांगून टाकलं होतं, "चूक माझीच." ज्याला आमची लायब्ररी लागायची तो चांगला चाललेला भागच काढून नव्यानं लिहिला. इशारा गेला. साहेब खूश, "सुधारलीस." नोकरी पक्की.
म्हटलं, मी कळवते त्यांना खरं काय ते.
"नको गं. ऱ्हायली ना नोकरी."
राग आला. तिचा नाही, कुणाचा ते कळेना. मग पक्ष्यांकडे बघत म्हणाली, "पण खरंच माझी न्हवती ना चूक?"
आल्यापासून दोनदा समजावून झालं होतं.

शनि.
साहेबांसाठी मेसेज लिहून ठेवलाय. ती हो म्हणेना.
सकाळी तिनं नवी फाइल पाठवली, त्यांना दाखवायच्या आधी बघ म्हणून. तिन्ही ब्राउझरांत एकही इशारा नाही. तसं कळवलं. तासाभरात तीच फाइल परत आली, "अजून एकदा बघ ना."