हसल्याबद्दल हॉलबाहेर

पनवेल, १० नोव्हेंबर २०२५

चि. येहुदास हॅनाताईचे अनेक आशीर्वाद.

काल, रविवारी, संध्याकाळी सात वाजून वीस मिनिटांनी तुझ्या सख्ख्या बहिणीला तुझ्याच नातीच्या गाण्यातून बाहेर काढण्यात आलं. गुन्हा काय, तर हसणे!

अयाला काय गायली रे! ऑपेरातली ती नायिका म्हाताऱ्या नवरदेवाला टाळायला मरणाच्या दुखण्याचं सोंग करते. गाणं विनोदी. पण संगीत मंडळाच्या कमलाकरांनी आधीच मराठीतून बजावलं, की हे पाश्चात्त्य संगीत आहे, मध्ये दाद नको, आवाज तर मुळीच नको. झालं! एरवी तानेतानेला वाहवा करणारं पनवेल इंजेक्शनच्या रांगेत बसल्यासारखं बसलं. मी कॉन्व्हेंटच्या कॉयरमध्ये वाढलेली, कुठे हसायचं ते मला कळतं. खळखळून हसले. कमलाकरांनी आधी ओठांवर बोट ठेवलं, मग दंडाला धरून बाहेर नेलं. कार्यक्रम संपताच पोरीला थेट विमानतळावर पाठवलं. पहिलीच भेट व्हायची होती, तीसुद्धा नाही.

फोनवर तू जांभया देतोस, म्हणून लिहिलं. शेजारची रमा पत्राचा फोटो काढून पाठवतेय.

तुझी ताई,
हॅना

अश्दोद (इस्रायल), १३ नोव्हेंबर

ती. हॅनाताईस येहुदाचा नमस्कार आणि शालोम.

मी पोट धरून हसलो, पण अयाला हसत नाही. तिला मराठी येत नाही, त्यामुळे ती सूचना कळलीच नाही. ती म्हणते, आजोबांच्या गावात एक माणूस हलला नाही. एकच बाई हसली, तीही टिंगल करत होती, म्हणून तिला बाहेर नेलं. इथल्या ऑपेरा कंपनीनं तिला हीच भूमिका देऊ केली आहे. बुधवारी उत्तर द्यायचंय आणि ही नाही म्हणणार. ती बाई तूच होतीस, असं सांगितलं, तर म्हणते आजोबा समजूत घालताहेत. आता तूच लिही, मी हिब्रूत वाचून दाखवीन. जमलं तर गोड लिही.

तुझा धाकटा,
येहुदा

पनवेल, १६ नोव्हेंबर

चि. अयालास हॅनाआजीचे खूप खूप आशीर्वाद.

आजोबांनी एक शब्द गाळायचा नाही. ती हसणारी बाई मीच. कधी हसले ते ऐक. तू भोवळ येऊन खुर्चीत पडलीस आणि नवरदेव घाबरला का, ते एक डोळा उघडून पाहिलंस, तेव्हा. मग आजारपण विसरून वरच्या सुरांत अशी भिंगरीसारखी फिरलीस, की सोंग उघडं पडणार. तेवढ्यात तानेच्या मध्येच खोकलीस आणि सूर सोडला होतास तिथूनच अलगद उचललास! त्यावर जो हसणार नाही त्याला डॉक्टरला दाखवावं. बाकीच्यांना हसायची बंदी होती, बाळ.

काल शनिवारचा शब्बाथ उतरल्यावर रमानं केलेलं रेकॉर्डिंग सोसायटीतल्या बायकांना ऐकवलं. खोकल्याला दीपिकानं चहा सांडला. कमलाकर माफी मागायला आले होते, तेही बसले आणि इतक्या मोठ्यानं हसले, की पुढची तान ऐकू येईना. मी ओठांवर बोट ठेवलं.

आता भूमिका घेतल्याचं मंगळवारी, १८ तारखेला, संध्याकाळी पाचच्या आत लेखी कळव. तू हो म्हणावंस म्हणून आपल्या प्रेषिताला, एलिया हन्नाबीला, मलिद्याचा नवस बोलले आहे. त्याचे पोहे निवडून ठेवलेत, ते भिजवायचे कधी ते मला कळायला हवं. नकार असेल तर कागद वाया घालवू नकोस, मी वाचणार नाही.

तुझी, पहिल्या रांगेतली,
हॅनाआजी