पाठीवरचं नाव

३ जून, शनिवार

दादूच्या पाठीवर धाकट्याचं नाव होतं.

मी चहाचा ट्रे घेऊन दारातच उभी राहिले. बाहेरच्या खोलीत सगळी फौज जमलेली — हे, वरच्या मजल्यावरचे मास्तर, समोरची शिंपीणबाई. सतरा वर्षांखालच्या मुलांची जागतिक फुटबॉल स्पर्धा, आपला संघ पहिल्यांदाच तिथवर पोचलेला, आणि त्यात माझ्या ताईचा मुलगा! महिनाभर इमारतीत दुसरा विषय नाही. मास्तरांनी तर ठेवणीतला कोट घातला होता, जणू टीव्हीतून त्यांनाही कोणी बघणार आहे. पोरं रांगेत उभी राहिली, मग पांगली, आणि कॅमेरा दादूच्या मागून फिरला. नऊ नंबर. त्याच्यावर मोठ्या अक्षरांत ते नाव.

"हे होय याचं खरं नाव?" शिंपीणबाई म्हणाली. "आम्हाला आपलं दादूच ठाऊक."

"मलाही आजच कळतंय," हे म्हणाले. "गोड आहे की."

यांना कसं माहीत असणार. आमचं लग्न व्हायच्या कितीतरी आधी दादूचा हा धाकटा भाऊ गेला. पाच वर्षांचा होता. साधा ताप म्हणून दवाखान्यात नेला, आणि ताई रिकाम्या हातांनी परत आली. त्यानंतर त्या घरात त्याचं नाव कोणी घेतलं नाही. 'दादू' हे त्याचंच — त्याला 'दादा' धड म्हणता यायचं नाही. म्हणणारा गेला, हाक तेवढी राहिली.

समालोचक म्हणाला, "हा अवघा सोळा वर्षांचा मुलगा."

सोळाचा धाकटा असता. दादूला अठरा पुरी झालीत. तो जन्मला तेव्हा दवाखान्यातल्या बाकावर मी शाळेच्या गणवेशात बसले होते.

एक-एक अशी बरोबरी झाली. कोणी काय केलं ते मला विचारू नये.

४ जून

छपाईची चूक असेल, अशी रात्रभर मनाची समजूत घातली. सकाळी पेपर. खेळाच्या पानावर दादूचा फोटो, खाली धाकट्याचं नाव, खाली धाकट्याचं वय.

चूक नाही.

५ जून, सोमवार

दुकानात लक्ष नव्हतं. एका आजोबांच्या चष्म्यात काचा उलट बसवल्या — डावी उजवीकडे. घालून म्हणाले, "बाई, मला दोन तुम्ही दिसताय." मालक हसले. मलाही हसावं लागलं.

दुपारी ताईला फोन लावला. उचलला भाऊजींनी.

"भाऊजी, दादूच्या पाठीवर —"

"माहितेय." आवाज एकदम खाली. "अकादमीतल्या सरांनीच सुचवलं होतं. तेरा वर्षांचा होता, पण अंगानं लहान. म्हणाले, दोन वर्षं मागे घेतली तर पोरगं चमकेल. एक जन्मदाखला घरात पडूनच होता. त्याचा कोणाला काय उपयोग होता?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"झाकली मूठ राहू दे," ते म्हणाले. "पोराचं आयुष्य आहे."

ताईला फोन द्या म्हटलं तर म्हणाले, झोपलीय. भर दुपारी. ताई आयुष्यात दुपारी झोपलेली नाही.

पडूनच होता — हे शब्द डोक्यातून जात नाहीत.

७ जून, बुधवार

गटातला दुसरा आणि शेवटचा सामना. जिंकलो. दोन्ही गोल दादूचे.

पहिला गोल झाला आणि खोलीत सगळे उठून नाचायला लागले. यांनी मास्तरांना मिठी मारली. शिंपीणबाईने खिडकी उघडून खाली आरोळी ठोकली. टीव्हीत गर्दी ते नाव घेत होती — टाळ्यांच्या ठेक्यावर, एकेक अक्षर तोडून. मग आमच्या खोलीतही तेच सुरू झालं.

मी स्वयंपाकघरात गेले, नळ सोडला. तरी ऐकू येतच होतं.

धाकट्याला खेळ आवडायचा नाही. चेंडू अंगावर आला की डोळे मिटून घ्यायचा. त्याला आवडायचं ते बसून बटणं लावायला — शर्टाची, उशीच्या अभ्र्याची, मिळतील ती. मी तेव्हा कॉलेजसाठी ताईकडे राहायचे. सकाळी घाईत निघताना म्हणायचा, मावशी थांब, एक राहिलं. आणि मला थांबावंच लागायचं.

हे आत आले. "अगं, रडतेस काय? आनंदाचं रडू आहे होय!" आणि पाठीवर थाप मारून परत बाहेर पळाले.

८ जून

शेवटी काल रात्री यांना सांगितलं. सगळं.

हे पलंगाच्या कडेला बसले. म्हणाले, "मेलेल्या पोराचं नाव? भाऊजींनी?" चेहरा पांढराफटक. मला बरं वाटलं — निदान एका माणसाला तरी माझ्यासारखाच धक्का बसला.

कितीतरी वेळाने म्हणाले, "आणखी कोणाला माहितेय का?"

"नाही."

"मग एवढी स्पर्धा होऊ दे. आता उपांत्यपूर्व फेरी आलीय. नंतर बघू काय ते."

सकाळी शाळेची बस घेऊन निघाले, तेव्हा गाडीच्या काचेला संघाचा झेंडा तसाच. ज्या माणसाने रस्त्यात पडलेलं मांजराचं पिल्लू उचलायला भरलेली बस थांबवली होती, तो हाच.

१० जून, शनिवार

दादूचा फोन. संध्याकाळी पोरांना थोडा वेळ घरी बोलू देतात म्हणे. मला कशाला केला, असं विचारणार होते. विचारलं नाही.

"मावशी, बघितलंस?"

"बघितलं. दोन्ही गोल झकास."

"ते नाही. नाव."

"हो."

"खालच्या स्पर्धांत नुसते नंबर असायचे गं. नाव फक्त कागदावर. आता पाठीवर आलं." मग हसल्यासारखं केलं. "मला मैदानात नावानं हाक मारतात ना, मी पटकन वळतच नाही. सर ओरडतात, बहिरा आहेस का. पोरं मला बहिराच म्हणतात."

"तुला कोणी विचारलं होतं का रे तेव्हा?"

"बाबा म्हणाले, सही कर. केली. मला खेळायचं होतं." आवाज फुटला. "मावशी, मला त्याचा चेहराच आठवत नाही. आठवायला गेलो की मीच दिसतो."

मी म्हटलं, "नीट जेव."

तो म्हणाला, "आई माझ्याशी बोलत नाहीये. तिला सांग ना बोलायला."

११ जून

ताईचा फोन लागला. मी तावात होते. म्हटलं, "ताई, तू हे होऊच कसं दिलंस?"

ती म्हणाली, "मीसुद्धा टीव्हीवरच पाहिलं."

मी खुर्चीत बसले.

"इतकी वर्षं सगळे कागद हेच बघायचे. अकादमी लांब, हेच जायचे-यायचे. मी डबा भरून द्यायचे. त्या दिवशी शेजारपाजारचे सगळे घरी, पेढे वाटून झालेले, आणि पडद्यावर ते नाव. मला वाटलं, मलाच भास होतोय. यांच्याकडे पाहिलं. यांनी मान फिरवली."

मला वाटत होतं, मी एकटीच आहे. धाकट्याची आई त्याच क्षणी, तिच्या घरात, माणसांनी भरलेल्या खोलीत, तेच बघत होती. आणि मी तिलाच झाडायला निघाले होते.

"खेळाडूंच्या आईवडिलांना नेतायत पुढच्या सामन्याला," ती म्हणाली. "मी जाते. एकटी. हे येणार होते, मी नको म्हटलं."

"दादूशी बोल गं."

"बोलेन. आधी बघते."

१४ जून, बुधवार

जिंकलो. उपांत्य फेरीत! शेवटच्या मिनिटांत दादूने डोक्याने मारला. पूर्ण मैदान उभं. ते नाव इतक्या जोरात की समालोचकाचं काही ऐकू येईना.

मध्येच खेळाडूंच्या घरच्यांचा कोपरा दाखवला. ताई दिसली. आजूबाजूचे उड्या मारत होते, एक बाई तिला गदागदा हलवत होती. ती बसलेली. हातात पर्स घट्ट. मैदानाकडे बघतसुद्धा नव्हती.

"तुझी बहीण पार सुन्न झालीय बघ आनंदाने," मास्तर म्हणाले.

हे माझ्याकडे बघत होते. आज नाचले नाहीत.

१६ जून

इमारतीच्या दारावर कापडी फलक लागला. दादूचा फोटो, त्याच्यावर ते नाव. शिंपीणबाईने रात्र जागून शिवला. जाता-येता त्याच्याखालूनच जावं लागतं. मी मागच्या जिन्याने जाते.

१७ जून, शनिवार

दुकानात मालकांनी रेडिओ एकदम मोठा केला. मी एका मुलीच्या डोळ्यांचा नंबर काढत होते.

आपला संघ स्पर्धेतून बाद. एका खेळाडूने वय चोरलं, दुसऱ्याच्या नावाने खेळला. सगळे निकाल रद्द. उद्याच्या उपांत्य फेरीत, आपण ज्यांना हरवलं ते खेळणार. दादूवर बंदी, किती काळ ते ठरायचंय. अकादमीच्या सरांना घरी पाठवलं.

मुलगी समोरच्या पाटीवरची अक्षरं वाचत राहिली. बरोबर की चूक, मी ऐकलंच नाही.

संध्याकाळी बाहेरच्या खोलीत तीच माणसं. टीव्ही चालू, आवाज बंद. मास्तर खुर्चीच्या कडेला बसून नुसते हात चोळत होते. आयुष्यभर पोरांना कवायत शिकवली त्यांनी. म्हणाले, "बाकीच्या वीस पोरांनी काय गुन्हा केला होता?"

मी टीव्ही बंद केला.

शिंपीणबाई म्हणाली, "पण आतल्या माणसाशिवाय हे बाहेर कसं आलं? कोणीतरी घरभेदी असणार."

एकेकाची नजर माझ्याकडे वळली. मावशी ना ही त्याची. हिला माहीत असणारच.

फलक कोणीतरी उतरवून जिन्याखाली टाकलाय. फोटोवर बुटाचा ठसा.

१८ जून

भाऊजींचा फोन. हॅलो नाही, काही नाही.

"झालं समाधान?"

"भाऊजी, मी कोणाला —"

"तुझ्याशिवाय कोणाला माहीत होतं? पोराचं वाटोळं केलंस. पुन्हा या घरात पाय ठेवू नकोस."

फोन ठेवला. हे शेजारीच होते, सगळं ऐकलं. मी वाट बघत होते, काहीतरी म्हणतील. म्हणाले, "तू सांगितलंस का?"

"नाही."

"सांगितलं असशील तरी मला सांग. मी रागावणार नाही."

म्हणजे विश्वास नाहीच. मला राग यायला हवा होता. पण खरं लिहू? मनात आलं होतं. स्पर्धेच्या कार्यालयाचा फोन नंबरसुद्धा शोधून ठेवला होता. दादूचा आवाज आठवला आणि हात मागे आला.

१९ जून

मास्तर जिन्यात भेटले. वाट सोडून भिंतीला टेकून उभे राहिले. नमस्काराला नमस्कार नाही.

२० जून

दादूचा फोन बंद. ताईचाही.

२२ जून, गुरुवार

ताई आणि दादू आले. बॅगांसकट, थेट इथे. स्वतःच्या घरी गेलेच नाहीत.

दादू दारातच माझ्या गळ्यात पडला. केवढा उंच झालाय. यांनी त्याच्या बॅगा उचलल्या, त्याला धीर द्यायला म्हणाले, "ज्या कोणी चुगली केली ना बाळा, त्याचं कधी भलं व्हायचं नाही."

"मी सांगितलं," ताई म्हणाली.

यांच्या हातात बॅगा तशाच राहिल्या. दादूने तिच्याकडे पाहिलं नाही, पण तिचा हात धरला. त्याला माहीत होतं.

तिने चपला काढल्या, नीट जोडीने ठेवल्या. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "सगळं मैदान धाकट्याला हाका मारत होतं गं. एवढी माणसं. आणि मी खेळाडू जिथून बाहेर येतात ना, त्या दाराकडे बघत बसले होते."